जुन्या जीपचे थरथरते स्टेअरिंग : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

बैल बाजारात उभा केला की घेणारा आधी त्याचे दात बघतो, मग खूर, मग खांदा. चार पावले चालवून बघतो, जमलेच तर गाडीला जुंपूनही बघतो. तोच माणूस जुनी जीप घ्यायला गेला की रंग, रुंद टायर, पुढचा लोखंडी गार्ड आणि गाण्यांचा आवाज एवढ्यावर भुलून इसार देऊन मोकळा होतो. गाडी घरी आणताना डांबरी रस्त्यावर काटा साठाच्या पुढे सरकतो आणि हातातले स्टेअरिंग थरथरायला लागते. मग सुरू होते मिस्त्रीची वारी.

एक मिस्त्री म्हणतो, "मालक, टायर गेले." दुसरा म्हणतो, "अलाइनमेंट करून घ्या." तिसरा स्टेअरिंग बॉक्सच बदलायला सांगतो. खिसा रिकामा होतो आणि थरथर तिथल्या तिथे राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. खेड्यापाड्यात जुन्या जीप, कमांडर, मार्शल आणि बोलेरोला आजही मोठी मागणी आहे. सकाळी भाजीचे क्रेट, दुपारी खताची पोती, रात्री-अपरात्री एखादे बाळंतपण, सगळे हिच्याच जिवावर. तेव्हा ही थरथर नुसत्या त्रासाची बाब नाही. मागे बसलेल्या सात-आठ जिवांचा प्रश्न त्यात असतो.

थरथर हा रोग नाही, ते लक्षण आहे. ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का, हे वैद्य आधी विचारतो. तसेच गाडीलाही विचारावे लागते. थरथर कधी येते आणि कशाने जाते, एवढे नीट पाहिले तरी निम्मे निदान घरच्या घरी होते. आणि गाडीत आधीच्या मालकाने काही बदल केलेले असतील, तर चौकशीची सुरुवात त्या बदलांपासूनच करावी.

काय काय बदलले आहे?

महिंद्रांनी मुंबईत 1947 पासून विलीज जीप जोडायला घेतली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना पुढे सलग ऍक्सल आणि पाटे असतात. म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. एका चाकाने खड्डा घेतला की त्याची खबर दुसऱ्याला लागतेच. सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांत पुढची चाके सुटी असतात, त्यामुळे तिथे हा त्रास थोडा कमी आणि वेगळ्या प्रकारचा असतो.

अशा गाडीत सहसा चार बदल आढळतात. मोठे टायर, रुंद रिम किंवा अलाय व्हील, गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल वा जादा पाटे, आणि जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जागी बसवलेले डिझेल इंजिन. यातला प्रत्येक बदल थरथरीला आपापल्या वाटेने निमंत्रण देतो.

टायरचेच घ्या. बोलेरोला मूळचा टायर 215/75 आर 15 या मापाचा. यात 215 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, 75 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 75 इतकी उंची आणि 15 म्हणजे इंचातली रिम. हिशेब केला तर उभ्या टायरची उंची साधारण 703 मिलिमीटर भरते. हौसेने घातलेला 31 इंची टायर 787 मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे शेकडा 12 ने मोठा. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 67 ने पळत असते. वर टायरचे वजन वाढलेले असते आणि ते पेलणारे बेअरिंग, जॉइंट, बुश मात्र जुनेच, तेही झिजलेले.

रुंद रिम किंवा रिम आणि हब यांच्यामध्ये घातलेला स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. पहारीचे टोक जितके लांब तितका जोर जास्त, हे शेतात दगड उचकटणाऱ्याला सांगायला नको. चाक बाहेर गेले की प्रत्येक खड्ड्याचा धक्का तसाच लांब पहारीने स्टेअरिंगवर येतो.

हे दुखणे काही आपल्याच गावचे नाही. 1920 च्या दशकात परदेशी मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा पुढची चाके अशीच डुगडुगायला लागली. सलग ऍक्सल सोडून पुढची चाके सुटी करण्याकडे अमेरिकेतल्या कारखानदारांचा कल वाढला, त्यामागे हेही एक कारण होते. जनरल मोटर्सने 1934 च्या गाड्यांत तशी रचना आणली. तिथे जे कारखान्याला निस्तरावे लागले, तेच आपण टायरच्या दुकानात हौसेने पुन्हा ओढवून घेतो.

गोफणीचा हिशेब

थरथरीचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे चाकाचा तोल जाणे. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेल्यांना हे लगेच कळेल. गोफणीतला खडा लहानच असतो, पण वेग वाढला की दोरी हाताला कशी ओढ देते! चाकाच्या एका बाजूला थोडे वजन जास्त असले तर तेच होते.

रिमच्या कडेला नुसता 50 ग्रॅमचा फरक आहे असे धरू. मूळ मापाच्या टायरवर गाडी ताशी 40 किलोमीटरने जाताना त्या 50 ग्रॅमची ओढ जवळपास एक किलोची होते. वेग 80 झाला की तीच ओढ पावणेचार किलोच्या वर जाते. वेग दुप्पट, ओढ चौपट. आणि त्या वेगाला चाक सेकंदाला दहा फेरे घेते, म्हणजे हा हिसका सेकंदाला दहा वेळा बसतो. म्हणून तोलाची थरथर हळू चालवताना जाणवत नाही, ठराविक वेगाला येते आणि कधी कधी त्याच्या पुढे गेल्यावर पुन्हा कमी होते.

तोल कशाने जातो? काळ्या रानातून गाडी काढली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटून वाळतो. पावसाळ्यात "कालपर्यंत चांगली होती, आज हलायला लागली" अशी तक्रार आली तर आधी पाण्याचा पाइप घ्यावा, रिम आतून धुवावी आणि मग पुढचे बोलावे. पंक्चर काढताना रिमवरचे शिशाचे तुकडे पडतात आणि कोणी परत लावत नाही. फाटलेल्या टायरच्या आत गेटर चिकटवलेला असतो. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरचे पातळ औषध भरलेले असते, ते रात्रभर खाली साचून बसते. यातले काहीही असू शकते, आणि इतर सुट्या भागांच्या मानाने बॅलन्सिंगचा खर्च अगदी थोडा. म्हणून धुणे आणि बॅलन्सिंग आधी, बाकी सगळे नंतर.

थरथर कधी येते?

आता लक्षणांची छाननी करू.

ठराविक वेगाला, समजा 70 ते 90 च्या दरम्यान, स्टेअरिंग थरथरत असेल तर संशय तोलावर, वाकड्या रिमवर किंवा नीट न बसलेल्या अलाय व्हीलवर घ्यावा. बाजारातल्या अलाय व्हीलचे मधले भोक हबपेक्षा मोठे असते. मग चाक हबवर न बसता नुसत्या नटांवर तोलले जाते आणि केसभर जरी सरकले तरी हलते. नटाचा उतार रिमच्या खाचेशी जुळतो का, हेही पाहावे. नट एकाआड एक समोरासमोरचे आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर चालवून पुन्हा तपासावेत.

अगदी 20-30 च्या वेगालाच गाडी लंगडल्यासारखी चालत असेल तर टायर पोटातून सुटला असण्याची भीती असते. टायरवरून हात फिरवावा. कुठे फुगवटा, कुठे गाठ लागली तर तो टायर त्याच दिवशी काढावा. तो बॅलन्सिंगने सुधारत नाही, फुटतो. टायर किती जुना आहे तेही त्याच्यावरच लिहिलेले असते. कडेला लांबट चौकटीत शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर तरुण समजू नये. गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर न चालताही म्हातारा होतो.

ब्रेक मारतानाच स्टेअरिंग हलत असेल तर टायरवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नसेल, किंवा जुन्या गाडीत ड्रम लंबगोल झाला असेल. हा दोष मिलिमीटरच्या शतांशात असतो, डोळ्यांना दिसत नाही, लेथवर किंवा डायल गेजने कळतो.

स्टेअरिंग शांत आहे, पण सीट आणि पायाखालचा पत्रा हलतो, असे असेल तर दोष मागे शोधावा. मागची चाके किंवा प्रॉपेलर शाफ्ट. पाटे उचलून गाडी उंच केली की शाफ्टचा कोन बदलतो, जॉइंट क्रॉस लवकर झिजतो आणि घरघर सुरू होते.

गाडी उभी असतानाच रेस केल्यावर सगळे हलत असेल तर चाकांचा संबंधच नाही. डिझेल इंजिन बसवताना वापरलेले रबरी माउंटिंग तुटले असेल किंवा चुकीचे असेल. चालत्या गाडीत शंका राहिली तर जाणत्या मिस्त्रीने मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करून पाहावी. थरथर राहिली तर चाकांची, गेली तर इंजिनाकडची. मात्र किल्लीला हात लावू नये. चालत्या गाडीचे इंजिन बंद केले तर ब्रेकचा जोर जातो आणि काही गाड्यांत स्टेअरिंगही अडकते.

सगळ्यात वाईट प्रकार

एक प्रकार मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. गाडी 50-60 ने चांगली चाललेली असते. एक खड्डा किंवा पुलाचा सांधा येतो आणि पुढची दोन्ही चाके अशी काही डावी-उजवी फडफडायला लागतात, की स्टेअरिंग हातात धरवत नाही. वेग अगदी कमी होईपर्यंत ती थांबत नाहीत. मिस्त्री याला वॉबलिंग म्हणतात. सलग ऍक्सलच्या जीपमध्ये हे विशेष आढळते.

असे झाले तर घाबरून ब्रेकवर उभे राहू नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, पण त्याच्याशी कुस्ती खेळू नये. ऍक्सिलरेटर सोडावा, गाडी आपोआप हळू होऊ द्यावी आणि कडेला घ्यावी. त्या दिवशी पुढे माणसे भरून न्यायची नाहीत.

याचे मूळ बहुतेक वेळा एका भागात नसते. तोल गेलेले चाक ठिणगी टाकते आणि ढिले सांधे तिला वारा घालतात. किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक, शॅकलचे बुश, पाट्यांचे यू बोल्ट, चेसीवरचे स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, यांतले दोन-तीन थोडे थोडे ढिले असले तरी पुरते. त्यात लांब शॅकल घातले असतील तर ऍक्सलचा कल बदलतो. किंगपिनचा मागे झुकलेला कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो चाकाला सरळ ठेवायला मदत करतो. शॅकल कोणत्या टोकाला आहे त्याप्रमाणे तो कमी किंवा जास्त होतो, आणि दोन्ही त्रासाचेच.

इथे एक पळवाट सर्रास काढली जाते. स्टेअरिंगला नवा डॅम्पर, म्हणजे आडवा शॉकअप लावून देतात. थरथर दबते, मालक खूश होतो. पण सांधे ढिलेच असतात. दुखऱ्या दाढेवर लवंग ठेवल्यासारखे ते आहे. डॅम्पर थकला की दुखणे दुप्पट होऊन परत येते, आणि तोवर सांधे आणखी झिजलेले असतात.

अंगणातली तपासणी

या तपासणीला एक जॅक, एक लोखंडी घोडी आणि दोन माणसे पुरतात. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. पुढचे चाक उचलल्यावर ऍक्सलखाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

आधी चाक हाताने फिरवावे. एक काठी जमिनीवर टेकवून तिचे टोक रिमजवळ स्थिर धरावे. रिम काठीपासून जवळ-लांब होत असेल तर रिम वाकडी. रिम सरळ फिरते, पण टायर वरखाली होतो, तर टायर वाकडा.

मग चाकाला वर आणि खाली धरून हलवावे. प्ले लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले. ब्रेक दाबूनही राहिला तर जुन्या जीपमध्ये किंगपिन आणि बोलेरोसारख्या गाडीत बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश. वर-खाली काही नाही, पण डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखडते, तर टाय रॉडच्या टोकांकडे पाहावे.

शेवटची तपासणी चाके जमिनीवर टेकवून करावी. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक सांध्यावर बोट ठेवावे. ज्या सांध्यात दांडी हलते पण पुढचा भाग उशिरा हलतो, तो सांधा चोर. बोटांना जे कळते ते पुष्कळदा डोळ्यांना कळत नाही.

आणि एक बिनपैशाची युक्ती. पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे टाकून बघावी. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष टायरचा किंवा रिमचा. तिथेच राहिली तर दोष गाडीच्या पुढच्या बाजूचा. एका तासाच्या कामात नव्या टायरचा खर्च वाचू शकतो. चारही चाके एका मापाची असतील तरच हे करावे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने खातो. पण नुसत्या अलाइनमेंटने थरथर जाईल ही आशा सहसा फोल ठरते. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या फाटकापर्यंतही टिकत नाही. आधी सांधे, मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, हा क्रम मोडू नये. तसेच टाय रॉड, ड्रॅग लिंक किंवा स्टेअरिंगचा कोणताही भाग वेल्डिंग करून घेऊ नये. नांगर वेल्डिंगने चालतो, स्टेअरिंग नाही. नटांच्या पिना जागेवर आहेत का, हेही स्वतः पाहावे.

कायदाही बघावा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या आणि कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे पुस्तकात एक इंजिन आणि गाडीत दुसरे निघाले तर दोष नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. अपघात झाल्यास विमा कंपनीही हेच बोट दाखवू शकते.

तेव्हा सौदा ठरवण्याआधी पुस्तकातला इंजिन आणि चेसी नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून पाहावा. गाडी गावातल्या बोळात नव्हे, मोकळ्या रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत 70-80 पर्यंत न्यावी, एकदा ब्रेक मारून आणि एकदा खराब रस्त्यावरून हळू चालवून पाहावी. मालक "गरम झाली की राहते" किंवा "टायर बदलले की जाईल" म्हणाला, तर "मग तुम्हीच बदलून द्या, आम्ही आठ दिवसांनी येतो" असे सांगावे. घेऊन टाकलेली गाडी असेल तर मोठे टायर उतरवून कारखान्याच्या मापाचे चढवणे हा पुष्कळदा सगळ्यात स्वस्त इलाज ठरतो. रुबाब थोडा कमी होईल. पण पहाटे भाजी घेऊन बाजार समितीत आणि संध्याकाळी पोरांना घेऊन घरी, दोन्ही खेपांना स्टेअरिंग हातात शांत राहील.